देवजी तांडेलाचा हात

देवजी तांडेलाचा हात माझ्या तोंडावर एकदाच पडला. त्यात एक दात गेला आणि शेजारचा कायमचा हलता झाला. भाकरीचा पापुद्रा कडक निघाला की अजून त्याची आठवण येते. मी त्याला माफ केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. माणूस गेल्यावर तसं म्हणायची पद्धतच आहे. पण मी केलेलं नाही. तरी त्याच्याबद्दल लिहितोय, कारण ज्यांनी सरकारी कागदांवर त्याच्याबद्दल लिहिलं त्यांनी एवढंच लिहिलं की तो पात्र आहे.

मी नंदकुमार. मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर मेहताजी. एक्क्याण्णव साली बायको सुमेधा आणि अंगावर पिणारी ऋता यांना घेऊन मी बोनकोड्यात भाड्यानं राहायला आलो. गावाची भातखाचरं आणि मिठागरं नव्या शहरासाठी सरकारनं कधीच घेतली होती. उरलेल्या गावठाणात ज्याच्या त्याच्या घराला वर मजला नाहीतर मागं खोली फुटत होती. देवजीनं त्याच्या घराची मागची खोली आम्हाला दिली. त्यानं माझी जात विचारली नाही, नोकरी विचारली नाही. खोली दाखवली आणि म्हणाला, "बोंबलायचा नाय. मना आवाज नाय पायजे."

मला वाटलं, म्हाताऱ्याची झोप कमी असेल.

तेव्हा तो सत्तरीच्या पुढं होता. काळा, बुटका, खांदे मात्र अजून वल्हं मारणाऱ्याचे. आयुष्यभर खाडीत गलबतं चालवली, म्हणून तांडेल. उजव्या हाताला करंगळी नव्हती. नुसती करंगळीच नाही, तळव्याची ती सगळी कडच गेली होती आणि तिथली कातडी आत ओढून घेतल्यासारखी झाली होती. गावात सांगायचे, इंग्रजांच्या लढाईत जपानी गोळीनं नेली. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडं घरटी एक फौजी, चावडीवर लढाईत गेलेल्यांच्या नावाचा दगड. मला पहिल्यांदा हसू आलं. खाडीतले होडीवाले कसले सैनिक! पण त्या लढाईत ब्रह्मदेशातल्या नद्यांवरून माणसं आणि दारूगोळा न्यायला इंग्रजांना होडीवालेच लागत होते. साहेबाची माणसं बंदराबंदरांतून खलाशी गोळा करत फिरली होती. बोनकोड्यातून एकाच गलबतावरचे दोघे गेले. नामदेव तांडेल आणि त्याच्या हाताखालचा खलाशी देवजी. परत आला तो देवजी.

आल्यावर त्याला काही मिळालं नाही. पेन्शनीइतकी नोकरी भरली नव्हती. इंग्रजांकडं मागावं तर ते गेलेले. दिल्लीकडं मागावं तर दिल्ली म्हणे, तुम्ही ज्यांच्यासाठी लढलात त्यांच्याकडं मागा. असं करत करत त्यानं मागायचंच सोडून दिलं आणि गाव त्याला घाबरायला लागलं.

घाबरण्यासारखंच होतं. दारात एक कुत्री विव्हळत बसायची. त्यानं वल्ह्याच्या एका फटक्यात तिचा कणा मोडला. गणपतीत एका पोरानं त्याच्या भिंतीला कर्णा बांधला, तर त्यानं त्या पोराला शिडीसकट खाली ओढलं आणि त्याच्या खांद्याचा सांधा निखळेपर्यंत हात पिरगाळला. स्वतःचा मुलगा हरेश लहानपणी रडला की मार, मार बसला म्हणून रडला की पुन्हा मार. हरेश मोठा झाला तसा उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला गेला आणि आई मेली तेव्हा एकदाच आला. त्या दिवशीही बायका रडायला लागल्यावर देवजी प्रेत सोडून उठला, खाडीवर गेला आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. बायको जळून झाल्यावर घरी आला. गाव म्हणायचं, ताडी चढते. मी त्याच्याच घरात राहत होतो. तो ताडीला शिवायचा नाही, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच.

ऋताला दात येत होते. एका रविवारी दुपारी तिनं जो सूर लावला तो थांबेचना. मी तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होतो, सुमेधा आमटी ढवळत होती. दार धाडकन उघडलं आणि देवजी आत आला. त्याचे डोळे आमच्याकडं नव्हतेच. सरळ आला, तो तुटका हात पुढं केला आणि पोरीच्या तोंडावर ठेवला. मी ओरडलो की काय केलं, आठवत नाही. सुमेधानं हातातला पळा त्याच्या कानशिलावर घातला. गरम आमटी त्याच्या मानेवरून ओघळली. तो भानावर आला, हात काढला, हाताकडं बघितलं, आणि खाली बसून तोच हात आमच्या उंबऱ्यावर आपटायला लागला. कातडी फुटली तरी थांबेना. पोर गप्प होऊन त्याच्याकडं बघत राहिली.

सुमेधानं त्याच दिवशी सामान बांधायला काढलं. आम्ही गेलो नाही, कारण दुसरी खोली परवडत नव्हती. एवढंच कारण. उगाच माणुसकी वगैरे सांगत नाही.

त्या गल्लीत देवजीच्या नजरेला नजर देऊन बोलणारी एकच बाई होती. काशी, नामदेव तांडेलाची बायको. समोरच राहायची. केस कापसासारखे पांढरे, अंगानं वाळून काडी झालेली, पण कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू आणि दोन्ही हातांत कोपराच्या दिशेनं चढलेल्या हिरव्या बांगड्या. नामदेवाचं प्रेत आलं नव्हतं. मेल्याची तार आली नव्हती. पलटणीनं 'बेपत्ता' कळवलं होतं. आणि देवजीनं परत आल्यावर तिला सांगितलं होतं, "नदीत उरी मारली, पवत गेला. मंग मना दिसला नाय."

काशीला तेवढं बस झालं. नामदेव पोहायला लागला की भरतीलाही दाद द्यायचा नाही, हे गावाला ठाऊक होतं. तो बुडणार कसा? तिकडं कुणा बाईनं ठेवून घेतला असेल, असं गावातल्या बाया पाठीमागं बोलायच्या. काशी ते ऐकून घ्यायची. ठेवून घेतला तर घेतला, जिवंत तरी आहे. अशी ती सवाष्ण राहिली. गावात लग्न निघालं की नवरीला पहिली हळद काशीनं लावायची. जिचा नवरा मरतच नाही असा तिचा हात, म्हणून लोक मान देऊन बोलवायचे. नारळी पौर्णिमेच्या आधी कासारीण यायची आणि पहिल्यांदा काशीच्या ओट्यावर बसायची. त्या वेळी देवजी आपल्या ओट्यावरून उठून घरात जायचा. मी दोन-चार वर्षं हे बघत होतो. मला वाटायचं, बायकांचं काम म्हणून जात असेल.

मग लढाई संपल्याला पन्नास वर्षं व्हायच्या सुमारास सरकारला जाग आली. महायुद्धात गेलेले, पेन्शन न मिळालेले सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांचा विचार करायचं ठरलं. पन्नास वर्षांनी विचार! तोपर्यंत निम्मे विचार करण्यापलीकडं गेलेले. पण पेपरात वाचून मीच उत्साहानं देवजीला सांगितलं, मीच त्याचा अर्ज लिहिला. ते ऐकून काशी आमच्या दारात आली.

"माजा पन लिव," म्हणाली.

"आजी, तो विधवांसाठी आहे."

"म्हनून त बोलतंय. पैसं नको मना. सरकारनं लराईला नेला, सरकारनं सांगावा, हाय का मेला. मी आता चालले. मेल्यावर मना हिरवी नेसवायची का पांढरी, ह्या बायांना कोन सांगनार?"

तिला एवढंच हवं होतं. हिरवी नेसून, ओटी भरून जायचं, की नाही. हे ठरवणं पन्नास वर्षं कुणालाच जमलं नव्हतं, आणि तिला वाटलं सरकारला जमेल.

ठाण्याच्या त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, अजून तिथं माणसं बसतात. आम्ही तिघं गेलो. देवजीचं पलटणीतून सुटल्याचं पुस्तक शाबूत होतं. त्याचं काम चहा यायच्या आत झालं. मग टेबलावरच्या कारकुनानं काशीकडं बघितलं. आधी कपाळाकडं, मग हातांकडं.

"आजी, नवरा आहे का नाही?"

"तेच इचाराला आले."

कारकून शेजारच्याकडं बघून हसला. "हे बघा, ही योजना विधवांची. तुम्ही इथं चुडा भरून येणार, तर मी वर काय कळवू? आधी घरी जाऊन ठरवा. आणि याल तेव्हा या बांगड्या फोडून या."

देवजी माझ्या शेजारी उभा होता. तो पुढं गेला ते मला कळलंच नाही. त्यानं कारकुनाची मान मागून धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. टेबलावरची काच तडकली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. ओली काडी मोडावी तसा. कारकून ओरडला, आणि तो ओरडल्याबरोबर देवजीनं तुटका हात त्याच्या तोंडावर दाबला. रक्त बोटांतून खाली गळत होतं. शिपाई धावले, एकाच्या छातीत देवजीचं कोपर बसलं, तो फायलींच्या ढिगावर पडला. मी देवजीच्या कमरेला मिठी मारून लोंबकळत होतो. सत्तरीचा म्हातारा, आणि आम्हा चौघांना आवरेना.

"सोर," काशी म्हणाली. मोठ्यानंही नाही.

त्यानं सोडलं.

आतल्या खोलीतून कमळाकर साहेब आले. फौजेतून निवृत्त झालेले कॅप्टन, डावा पाय न वाकवता चालायचे. मला वाटलं, आता पोलीस. साहेबांनी कारकुनाला दवाखान्यात पाठवलं, देवजीला खुर्चीवर बसवलं, आणि बांगड्यांचं काय झालं ते माझ्याकडून ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचे कान तांबडे झाले. पोलीस त्यांनी बोलावले नाहीत. त्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला मानतो.

"आजी, कागदावर तुमचा नवरा बेपत्ता आहे," ते म्हणाले. "बेपत्ता म्हणजे सरकारच्या लेखी जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. पण त्याला पडताना बघणारा कुणी साथीदार असेल, आणि त्यानं माझ्यासमोर सांगितलं, तर मी पुढं पाठवीन. आहे कुणी जिवंत?"

काशीनं देवजीकडं बघितलं. देवजी खिडकीकडं बघत होता.

"मी पाठ करून व्हतो, मना नाय दिसला," तो म्हणाला.

परतताना एसटीत बसलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास आत येत होता आणि देवजी हातावरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडत होता. घरी आल्यावर तो ओट्यावर बसला. मी पाणी दिलं आणि गप्प बसायचं सोडून शहाणपण सुचलं.

"बाबा, एका बोटीत होतात की तुम्ही. दोन वाक्यं सांगायची आहेत. पाठ करून होतो म्हणे! पन्नास वर्षं त्या बाईला..."

पुढचं तोंडातच राहिलं. तोच तो फटका. मी ओट्यावरून खाली गटारीच्या कडेला पडलो, तोंडात दात आणि रक्त. मी बोंब मारली आणि ती बोंब ऐकून तो उडी मारून माझ्या छातीवर बसला, हात माझ्या तोंडावर. श्वास बंद झाला. मला त्याचे डोळे दिसत होते आणि शपथेवर सांगतो, त्या डोळ्यांत मी नव्हतो. दुसराच कुणी होता. मी मरणार हे मला अगदी साफ कळलं. सुमेधा धावत आली, तिनं त्याचे केस धरून ओढले, तरी तो हलेना.

"देवजी!"

काशी समोरून आली होती. तिनं त्याचा हात धरला. तो तुटलेला भाग आपल्या बोटांत धरला आणि बाजूला घेतला. तो उठला. मी कडेला होऊन ओकलो.

"त्या पोराला कशाला मारतंस?" ती म्हणाली. "तू पाठ करून नव्हता. पाठ करून असनारा मानूस असा नाय मारत. मी पन्नास वर्सां तुला इचारला नाय. इचारला असता त तू सांगितला असता, म्हनून नाय इचारला. आता इचारतंय."

देवजीनं आपला हात तिच्या बोटांतून सोडवून घेतला. मग म्हणाला, "हितं नाय. साहेबाफुरं सांगीन."

"हितं का नाय?"

"हितं सांगितला त मी पलून जाईन, वयनी."

आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो. मी तोंडाला फडकं बांधून. का गेलो? रागानं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की माझा दात कशासाठी गेला. कारकून नाकावर पट्टी लावून यंत्रापाशी बसला होता. टाइप करायला तोच. साहेबांनी काशीला देवजीच्या समोर खुर्ची दिली. तिनं नवी हिरवी साडी नेसली होती आणि कुंकू नेहमीपेक्षा मोठं होतं.

देवजीनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोलला. अडखळला नाही. इतकी वर्षं मनात तेच घोकत असणार.

"चिंदवीन नदी. सपाट बोट व्हती आमची. जखमी भरले व्हते, ते मांगं नेयाचे. एक गोरा साहेब व्हता. सकालचं धुकं. पल्याडशी गोली आली ती नामाच्या पोटात. आतरी बाहेर आली. मी बोट लव्हाल्यात घातली. तवर जपानी पान्यावर आले, तोंड धुवाला. एवढ्यावर." त्यानं दाराजवळच्या कपाटाकडं बोट केलं. "हसत व्हते. आन नामा बोंबलाया लागला. पयला आईच्या नावानं. मंग वयनी, तुज्या. काशे, काशे, काशे."

यंत्राचा आवाज थांबला. साहेबांनी हातानंच चालू ठेव म्हणून सांगितलं.

"मी तोंडावर हात ठेवला. तो चावला. त्याला समजत नव्हता मी कोन. करंगली तोरली, मंग हाताचा लचका. मी हात नाय कारला. बोटीत सगले मेले असते. तरी नाकातून आवाज येत व्हता. मंग मी त्याला काठावरून पान्यात घेतला आन मुंडी दाबून धरली."

काशी हलली नाही.

"पवनारा मानूस लवकर नाय मरत, साहेब. लय वेल लागला. त्याचे पाय बोटीला खालून लागत व्हते. धप, धप. जपानी आयकतील म्हनून मी त्याच्या पायांत पाय अरकवले. तो मना तांडेल व्हता. वल्हं कसा धरायचा त्यानी शिकवला मना. मी दाबून धरला."

"जीव वाचवलेत तुम्ही जखमींचे," साहेब म्हणाले.

"आयका, अजून हाय. जपानी गेले. कवाच गेले व्हते. गोरा साहेब मना खुनवत व्हता, सोर, सोर. मना दिसत व्हता. पाय पन हलत व्हते अजून. मी नाय सोरला. हात सुटत नव्हता माजा. पाय हलायचे थांबले तवा सुटला. मंग तो व्हावत गेला."

मला माझ्या छातीवरचं त्याचं वजन आठवलं. कारकुनाची बोटं यंत्रावर तशीच होती. साहेब उठले, त्यांनी यंत्रातला कागद ओढून काढला आणि दाराला कडी लावली.

"हे असं मी पाठवलं तर वरून परत येईल," ते म्हणाले. "शत्रूच्या हातून मेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या माणसाच्या हातून मेलेल्याला ते सैनिक म्हणून मेला असं धरत नाहीत. आजी, नीट ऐका. पोटात गोळी लागली होती, आतडी बाहेर होती. त्यातून कुणी वाचत नाही, मी बघितलंय. मी एवढंच लिहितो, शत्रूच्या गोळीनं मेला. यात खोटं काही नाही. देवजीबाबा, तुम्ही अंगठा द्या आणि घरी जा."

खरं सांगतो, मला वाटलं, घ्यावं. कुणाचं काय बिघडतंय? सरकार आयुष्यभर या लोकांशी खोटं बोललं, एक खोटं सरकारशी बोलावं. मी तसं म्हणालोही. देवजीनं अंगठा पुढं केला नाही. तो काशीकडं बघत होता.

"गोलीनं मेला का हातानं?" काशीनं विचारलं.

"हातानं."

"मंग तसाच लिवा," ती साहेबांना म्हणाली. "जसा सांगतंय तसा. गोलीला काय इचारू मी?"

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशा लावून बसायला नको. साहेबांनी नवा कागद चढवायला लावला, जबाब जसाच्या तसा घेतला, वर आपली शिफारस जोडली. उत्तर आलं. देवजीचा अर्ज मंजूर. नामदेवाच्या विधवेचा नामंजूर, मृत्यू शत्रूच्या कारवाईत झालेला नसल्यानं. मारणारा पात्र आणि मेलेला अपात्र. सरकारनं पन्नास वर्षं विचार करून हे ठरवलं. काशी त्यानंतर देवजीशी बोलली नाही. गावात लग्नं झाली, तिला पहिल्या हळदीला कुणी बोलावलं नाही, आणि दोन पावसाळ्यांनी ती गेली तेव्हा बायांना विचारावं लागलं नाही, पांढरीच नेसवली. देवजी तिच्यामागून गेला. त्याच्या कपाळावर शेवटपर्यंत बारीक रेघा होत्या. कशाच्या म्हणून गल्लीतल्या पोरांनी विचारलं, तर तो खरं ते सांगायचा. आणि त्या दिवसानंतर त्यानं कुणावर हात उचलल्याचं मी बघितलं नाही. पोरं रडली, कुत्री विव्हळली, तो ओट्यावर बसून राहायचा, हात मांडीखाली घालून.

तर त्या दिवशी जबाबावर देवजीचा अंगठा उठला आणि काशी खुर्चीवरून उभी राहिली. पदरानं कुंकू पुसलं. ते नीट निघालं नाही, कपाळभर झालं. मग आजूबाजूला बघायला लागली. मला कळेना काय शोधते. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या दगडावर फोडतात. फोडायला दुसऱ्या विधवा असतात, त्या हात धरतात, आपटतात, मोठ्यानं रडतात. तिथं दगड नव्हता आणि बाया नव्हत्या. टेबल होतं, त्यावरची काच अजून तडकलेलीच होती.

ती देवजीपुढं गेली आणि बांगड्यांनी भरलेला उजवा हात तिनं त्याच्या कपाळावर आपटला.

पहिल्या फटक्याला दोन-तीन फुटल्या. काच खाली पडली, काही कपाळात राहिली. तिनं पुन्हा आपटला. मग पुन्हा. तिच्या तोंडातून आवाज येत होता, पन्नास वर्षं आत धरलेला. रडणं म्हणावं तर तसा नव्हता. मला कानांवर हात ठेवावेसे वाटले. कारकून भिंतीला चिकटला. दाराशी उभा असलेला शिपाई पुढं झाला, साहेबांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. देवजीच्या भुवयांवरून रक्त डोळ्यांत उतरत होतं आणि तिच्या मनगटातून त्याच्या नाकावर. त्यानं हात गुडघ्यांवरून उचलला नाही. ती बुटकी, तिला पोचायला त्रास पडत होता. ते बघून तो खुर्चीत पुढं सरकला आणि मान खाली घातली.

ती ओरडत होती आणि तो तिला ओरडू देत होता. त्या माणसासमोर इतका वेळ कुणी ओरडलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

उजवा हात रिकामा झाला. धाप लागून ती थांबली, टेबलाला धरून उभी राहिली. मी पाण्याचा ग्लास घेऊन पुढं झालो. देवजीनं डोळ्यांवरचं रक्त न पुसताच मान वर केली.

"वयनी," तो म्हणाला, "दुसऱ्या हातातल्या रायल्या."

काशीनं दुसरा हात उचलला.